दोघांना पुरेल एवढं

आईने धाकूला रिकाम्या कणगीत उतरवलं, वर सूप झाकलं आणि सुपावर ठेवायला पाटा उचलला, तेव्हा बाबा ओरडले, "अगो, पोर गुदमरंल ना!"

"गुदमरंल तर गुदमरंल, पन साहेबाच्या हाती देनार न्हाय," आई म्हणाली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं असावं, कारण पाटा तिने परत खाली ठेवला. नुसत्या सुपावर भागवलं. धाकू दोन वर्षांचा. त्याला वाटलं, हा काहीतरी नवा खेळ आहे. तो सुपाखाली खिदळत होता आणि आई त्याला दबक्या आवाजात शिव्या घालत होती.

मी अंगणात होते, आठ वर्षांची. मला कुणी लपवलं नाही.

या गोष्टीला आता साठ वर्षं होत आली. पेशवाई बुडून चार-पाच पावसाळे झाले होते. बाणकोटच्या खाडीवर आमची सुरंगवाडी, सगळी भंडाऱ्यांची घरं, आणि वर टेकडीवर टिळबरी साहेबाचा बंगला. त्याचं खरं नाव टिलबरी, पण वाडीने त्याला टिळबरी केलं आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला. आधी तो किल्ल्यावर तोफखान्यात होता. बाकीचे गोरे यायचे, वर्ष दोन वर्षं घाम पुसायचे आणि बदलून जायचे. हा राहिला. नोकरी सोडून त्याने टेकडी खंडाने घेतली, जायफळं लावली, कॉफी लावली. कॉफी मेली, जायफळं अजून आहेत. मग जांभ्याचा बंगला बांधला आणि विलायतेहून बायको आणली. तिला आम्ही मडम म्हणायचो.

मडमला पाच वर्षांत तीन मुलं झाली. त्यातली दोन बंगल्यामागच्या उंडीच्या झाडाखाली पुरलेली. तिसरा हॅरी, सात महिन्यांचा. मडम दिवसभर मागच्या खिडकीत बसलेली असायची, मांडीवर हॅरी आणि समोर ती दोन थडगी. ती टेकडी उतरून कधी खाली आलेली आम्ही पाहिली नव्हती. बायका म्हणायच्या, तिला साहेबाने डांबून ठेवलंय. तसं काही नव्हतं. तिला जायला जागाच नव्हती.

साहेबाला आमची भाषा येत होती, पण 'तू'च्या पुढे तो कधी गेला नाही. माझ्या बाबांना तू, खोताला तू, देवळातल्या म्हाताऱ्या भटजींनाही तू. बाबा त्याच्या माडांवर चढायचे. माड त्याचे, टेकडी त्याची, आणि टेकडीच्या पायथ्याशी आमचं खोपट होतं ती जागाही त्याचीच. तेव्हा साहेब दारात येऊन काही मागू लागला, तर बाबांपाशी 'व्हय'शिवाय दुसरा शब्द नव्हता.

त्या चैत्रात खाडीपलीकडच्या गावात देवी आल्या होत्या. आमच्यात त्या रोगाचं नाव घेत नाहीत, बाया आल्या म्हणतात. घरात बाया असल्या की फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, दाराला कडुलिंब बांधायचा आणि बाया आपल्या पायांनी जातील तोवर हात जोडून बसायचं. साहेबाला हात जोडून बसणं माहीत नव्हतं. त्याने मुंबईकडे निरोप धाडून देवी काढणारा माणूस मागवला होता, तो पोरं धरून नेतो अशी हूल वाडीत उठली होती, आणि तो त्या सकाळी साहेबाच्या मागोमाग आमच्या अंगणात शिरला.

त्याचं नाव एलोजी. श्रीवर्धनकडचा शनवारतेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारा यहुदी, पन्नाशीचा, छत्री बगलेत. खाली बोटीत त्याने एक पोर बसवून ठेवलं होतं आणि त्या पोराच्या दंडावर एक टपोरा फोड होता.

"रावजी," साहेब बाबांना म्हणाला, "माझ्या बाळाला ताप आहे. दात येतात. आज त्याच्या देवी काढता येत नाहीत. तुझं एक मूल दे. आठ दिवस."

बाबांना काही उमजेना. मग एलोजींनी समजावलं. "हे औषध बाटलीत टिकत नाही, रावजीभाऊ. माणसाच्या अंगातच जिवंत राहतं. बोटीतल्या पोराचा फोड आज पिकलाय, उद्या वाया जाईल. त्यातलं पाणी आज तुमच्या पोराला देतो. आठ दिवसांनी तुमच्या पोराचा फोड पिकेल, तोवर बाळाचा ताप उतरेल. मग इथलं पाणी तिथं. पोराला काही होत नाही. उलट जन्मात त्याला देवी येणार नाहीत."

"पोरगा मामाकडं गेलाय," बाबा म्हणाले.

आणि कणगीतून धाकू खो खो हसला.

सगळ्यांनी ऐकलं. साहेबाने घराकडे पाहिलं. आईचा चेहरा पिठासारखा झाला. एलोजींनी कणगीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि छत्री या बगलेतून त्या बगलेत घेतली. "पोरगीच बरी," ते म्हणाले. "लहान पोर खाजवून फोड फोडतं. ही मोठी आहे, हात आवरेल."

"पोरगी न्या," आई लगेच म्हणाली. इतकी लगेच की मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

तेव्हा मला वाईट वाटलं, ते आजही वाटतं. मुलगा वाचवायचा म्हणून तिने मला पुढे केलं. वाचवणारी गोष्ट मात्र मला मिळाली आणि तो राहिला कणगीत.

बंगल्याच्या ओटीवर एलोजींनी माझ्या डाव्या दंडावर नस्तराच्या टोकाने ओरखडा काढला, रक्त जेमतेम दिसलं न दिसलं, आणि त्यावर त्या पोराच्या फोडातलं पाणी चोळलं. मी एकेक हालचाल बघत होते. आधी टोक पाण्यात, मग ओरखडा, मग चोळणं, मग वारा लागू देणं, पुसायचं नाही. दुखलं फारसं नाही. पण साहेबाने नंतर बाबांना जे करायला लावलं, त्याची मला जास्त भीती वाटली. इतकी वर्षं इथे राहून तो आमच्या रीती शिकला होता. त्याने नारळ मागवला, बाबांना त्यावर हात ठेवायला लावला आणि गावदेव भैरीचं नाव घेऊन म्हणायला लावलं की माझ्या हातून या फोडाला धक्का लागणार नाही. बाबांनी म्हटलं. त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

मग मला न्हाणीशेजारच्या खोलीत ठेवलं. बाहेरून कडी. भिंतीत उंचावर एक झरोका, बाकी काही नाही. मडमने माझ्यासाठी कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या होत्या, त्या हातांत घालून मनगटाशी नाडीने बांधल्या, खाजवू नये म्हणून. बाबांनाही कंपाउंडाबाहेर पाऊल टाकायची बंदी, म्हणजे वाडीतला रोग वर यायला नको. ते गोठ्याशेजारी चूल मांडून माझी पेज शिजवायचे, कारण बंगल्यातलं अन्न आम्हाला चालत नव्हतं. तीन वेळा ते कडी काढायचे, पिशव्या सोडायचे, मला जेवू घालायचे, परसाकडे नेऊन आणायचे आणि पुन्हा पिशव्या बांधायचे. जाताना कडी लावायचे तेव्हा कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती हळू सरकवायचे. तो हळू आवाज मला जास्त लागायचा.

दुसऱ्या दिवशी मी पेज पीत असताना दारातून कुणीतरी म्हणालं, "ॲनशी." मडम उभी होती. अनशी हे माझं नाव तिने कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं, एवढंच. पण कुणी गोरं माणूस माझं नाव घेईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. हातातला वाडगा निसटला, पेज पायांवर सांडली आणि मी भोकाड पसरलं. मडम बिचारी घाबरून निघून गेली. बाबा म्हणाले, "अनशे, मानूस हाय ती. खात न्हाय." मी म्हटलं, "मंग दारात कशाला आली?" त्यांनी सांडलेली पेज पुसायला घेतली.

चौथ्या दिवशी दंड खाजायला लागला. पाचव्या दिवशी फोड वर आला. आणि सहाव्या दिवशी दुपारी मला झरोक्यातून आईचा आवाज ऐकू आला.

ती बंगल्याभोवतीच्या दगडी गडग्याबाहेर उभी होती. बाबा आत. साहेब वामकुक्षीला गेला असावा, कारण दोघं मोठ्याने बोलत होती.

"भिकीची दोनी पोरां गेली," आई म्हणाली. "काल थोरला, आज धाकटा. आमच्या भिंतीला भिंत हाय."

मग तिचाच आवाज आला.

"पोरीला बाया आल्या काय?"

"न्हाय. बरी हाय. फोड आलाय एकच."

"मंग त्या शनवारतेल्यान खरं सांगितलान." आई रडत होती. "तिच्या दंडात हाय ना औषध? माज्या धाकूला द्या. चुकले मी. कनगीत घातला त्याला, चुकले. आता द्या."

"साहेबाला इचारतो."

"आनि साहेब न्हाय म्हनला तर?"

"नारळावर हात ठेवलाय गो मी."

"मी न्हाय ठेवलेला," आई म्हणाली.

बाबांनी संध्याकाळी ओटीवर साहेबाला विचारलं. मी दाराला कान लावून ऐकत होते. बाबांना विचारायला किती धीर गोळा करावा लागला असेल, ते मला नंतर मोठेपणी कळलं. ते म्हणाले, बाळाला दिल्यावर उरेल त्यातलं थोडं माझ्या पोराला द्या. दुसरं काही मागत नाही.

"उरेल ते एलोजी छावणीत नेणार," साहेब म्हणाला. "दापोलीला माझ्या जुन्या सोबत्यांची मुलं आहेत. आणि तुझ्या वाडीत रोग आहे, रावजी. वाडीतलं पोर या गडग्याच्या आत आलं तर मी गोळी घालीन. तुझं असलं तरी."

मग तोच जरा खालच्या आवाजात म्हणाला, "पुढच्या खेपेला बघू."

"व्हय साहेब," बाबा म्हणाले.

साहेब दुष्ट नव्हता. दोन मुलं पुरून तिसऱ्याला छातीशी धरून बसलेला माणूस होता तो, आणि असा माणूस दुसऱ्याच्या मुलाकडे बघत नाही. हे मी आज म्हणू शकते. त्या दिवशी मी दाराआड उभी राहून त्याच्या नावाने बोटं मोडायला गेले, तर हातांत पिशव्या.

जेवण घेऊन बाबा आले तेव्हा मी विचारलं, "बाबा, मी घरी कवा जानार? दोन दिसांनी ना?"

"बाळाच्या दंडावर फोड धरला की."

"म्हंजे कवा?"

"आजून आठ दिस." ते माझ्या पिशवीची नाडी बांधत होते. गाठ त्यांना बसेना.

आठवा दिवस. एलोजींची बोट दुपारच्या भरतीला यायची होती आणि साहेब त्यांना आणायला खाली धक्क्यावर गेला होता. बाबा पेज घेऊन आले. त्यांनी माझ्या दोन्ही पिशव्या सोडल्या, वाडगा समोर ठेवला आणि वाडग्याशेजारी जमिनीवर करवंदीचा एक लांब काटा ठेवला. धुतलेला, पांढरा स्वच्छ. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "आयस गडग्याशी हाय. उंडीच्या मागं." मग उठले आणि निघून गेले. कडी लावली नाही.

काटा तोडायला आणि धुवायला त्यांनी स्वतःचेच हात वापरले होते. पण फोडाला त्यांच्या हातून धक्का लागला नव्हता, आणि भैरीला तेवढं चालेल असा त्यांनी हिशेब केला असावा.

मी गेले. गडगा माझ्या डोक्याहून उंच होता, पलीकडून आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता, पण हात पुरेना. मग मी उंडीखालच्या थडग्याच्या दगडावर चढले. दोनांतल्या लहान थडग्यावर, तेच गडग्याला लागून होतं. दुसरं काही उंच नव्हतं तिथे. आईने धाकूला वर उचलून गडग्यावर बसवलं.

मी काटा फोडात टोचला. एलोजींनी केलं तसंच सगळं केलं. टोक पाण्यात, मग ओरखडा, मग चोळणं. धाकू किंचाळायला गेला तर आईने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"पुसू नको गो," मी म्हटलं. "वारा लागू दे."

"झाला?"

"झाला."

"आजून एकदा कर. एक धरला न्हाय तर?"

मी दुसरा ओरखडा काढला. फोड आता मऊ पडला होता.

"आजून. आजून घे, अनशे. हात जोडते."

आईने माझ्यापुढे हात जोडलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मी अंगठ्याने फोड दाबला. शेवटचं पाणी आलं, त्यामागून रक्त आलं. तिसरा ओरखडा मी तेवढ्यावर काढला. मग दाबून पाहिलं तर नुसतं रक्तच येत होतं.

आईने वाकून माझ्या दंडाला कपाळ लावलं, बायांपुढे लावतात तसं. मग धाकूला पदराखाली घेऊन ती पळत उतरणीला लागली. मी कशी आहे, जेवते का, हे विचारायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. मी दगडावरून उतरले, काटा गडग्याच्या फटीत खुपसला आणि खोलीत येऊन दार लोटून घेतलं. आतून कडी नव्हती.

थोड्या वेळाने एलोजी आले. मला ओटीवर नेलं. मडम बाळाला घेऊन खुर्चीत बसली होती, साहेब तिच्यामागे उभा. एलोजींनी माझी बाही वर केली आणि थांबले. फोड बसलेला, मध्ये काळा ठिपका, कडेला सुकलेलं रक्त. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी पाचावर धारण बसली होती. मी बाबांना शोधत होते आणि बाबा अंगणात पाठमोरे उभे राहून विनाकारण सुंभ वळत होते.

"काय झालं?" साहेब म्हणाला.

एलोजींनी बराच वेळ दंड निरखला. खरं सांगितलं असतं तर साहेबाने बाबांचं काय केलं असतं, कोण जाणे. तसे एलोजी आमचे कोण? पण त्यांनी ती कणगी पाहिली होती.

"थोडा बसलाय," ते म्हणाले. "उन्हाळ्यात बसतो. काम होईल."

मडम काहीच बोलली नाही. तिने बाळाची बाही वर केली. एलोजींनी माझ्या फोडाच्या कडेला नस्तर फिरवून फिरवून जे काही मिळालं ते बाळाच्या दंडावर लावलं. बाळ रडलं. मला वाटलं, सुटले.

धाकूच्या दंडावर तिन्ही फोड धरले. आमच्या भिंतीला भिंत लागून बाया आल्या, आमच्या दारावरून गेल्या, पण घरात शिरल्या नाहीत. वाडीतली अकरा पोरं गेली त्या चैत्रात.

हॅरीच्या दंडावरचा ओरखडा पाचव्या दिवशी सुकून गेला. नवव्या दिवशी त्याला ताप भरला, आणि तीन दिवसांनी अंगभर बाया आल्या. कुठून आल्या, दुधातून, कपड्यांतून की गडग्यावरून, कोण सांगणार. एलोजींना पुन्हा बोलावलं, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जाताना ते माझ्या खोलीशी थांबले. मी अजून तिथेच होते. ते म्हणाले, "पोरी, ताप यायच्या बारा दिवस आधी हा रोग अंगात शिरतो. मी टोचलं तेव्हा तो आत होताच. तुझ्यामुळे नाही." आणि छत्री उघडून दोन पावलं गेल्यावर म्हणाले, "बहुतेक."

उंडीखाली तिसरा दगड बसला. मी घरी जायला निघाले तेव्हा मडम खोलीच्या दारात आली आणि माझं मनगट धरलं. साहेबाशी ती त्यांच्या भाषेत बोलली. साहेबाने बाबांना सांगितलं, "पोरीला मडमपाशी राहू दे. तिला बरं वाटतं."

"व्हय साहेब," बाबा म्हणाले.

आठ दिवसांसाठी गेलेली मी अकरा वर्षं तिथे राहिले. न्हाणीशेजारच्याच खोलीत. कडी आता कुणी लावत नव्हतं. मी मडमचे केस विंचरले, कपडे धुतले, तापात पाय चेपले, तिच्याबरोबर त्या खिडकीत बसले. तिच्या हातचं खाल्लं, आणि मग जातीत माझं लग्न होणं संपलं. आई अधूनमधून गडग्याशी यायची. म्हणायची, "चल ना गो घरी." मी म्हणायचे, "मडमला सोडून कशी येऊ?" तिला वाटायचं, पोरगी बंगल्याला भुलली. मडम मला कधी रागावली नाही. धुताना माझी बाही वर सरकली की ती माझ्या दंडाकडे बघायची. ती बघायची तेव्हा मला ओरडून सगळं सांगून टाकावंसं वाटायचं, आणि सांगितलं तर बाबांचं काय होईल या भीतीने मी बाही खाली ओढायचे. पुढे बाबा वारले, तेव्हा ती भीती संपली. पण तोवर न सांगायचीच सवय झाली होती.

मडम मराठी शिकली ती माझ्याकडून, म्हणजे आमच्या वाडीची. विलायतेची बाई 'काय गो' म्हणायची आणि किल्ल्यावरचे शिपाई तोंड फिरवून हसायचे.

मी एकोणीस वर्षांची असताना साहेब तापाने गेला. तिन्ही मुलांशेजारी त्याला पुरलं. मडमने विलायतेला परत जायचं ठरवलं. सामान आधीच धक्क्यावर गेलं होतं. मला न्यायला धाकू आला होता, तेरा वर्षांचा, नुकतंच मिसरूड फुटू लागलेलं. त्याने माझं बोचकं खांद्यावर टाकलं, बाही दंडावर सरकली आणि तीन वण दिसले, एकाखाली एक. मडम ते बघत होती.

"तू व्हो पुढं," मी त्याला म्हटलं. तो गेला.

मडम आपल्या खिडकीशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "अनशे, त्या दिवशी मी हितंच बसलेली गो."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मी भिंतीला हात टेकला.

"तू माज्या लुसीच्या दगडावर चढलीस. तुजी आयस पलीकडं होती. मी सगळा बघितला." ती माझ्याच शब्दांत, माझ्याच हेलात बोलत होती. "हाक मारनार होते. तोंडात आला होता तुजा नाव. पन त्या पोराला बघितला आनि म्हटला, घेऊ दे. दोघांना पुरंल. हाय ना एवढा, दोघांना पुरंल."

बाहेर धाकू कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होता.

"साहेबाला मी कदी सांगितला न्हाय," मडम म्हणाली. "तुला बी न्हाय. अकरा वर्सां." तिने माझा हात धरला, पहिल्यांदा धरला होता तसाच मनगटापाशी. "आता जाते, म्हनून इचारते. खरा सांग. मी हाक मारली असती, तर तू थांबली असतीस?"

तिचे डोळे माझ्यावर खिळले होते. हा प्रश्न ती अकरा वर्षं त्या खिडकीत बसून स्वतःला विचारत होती, आणि मी तिच्या शेजारी बसून तिचे केस विंचरत होते.

"न्हाय मडम," मी म्हटलं. "थांबले नसते. भाऊ होता माजा. तुमी कितीबी हाका मारल्या असत्यात तरी थांबले नसते."

तिने डोळे मिटले. खांदे खाली आले. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला, टोपी उचलली आणि दाराबाहेर पडली. टेकडीची उतरण ती त्या दिवशी इतकी भराभर उतरली की धाकूला तिच्यामागे पळावं लागलं.

मी मागे राहिले, खिडक्या लावून घेतल्या.

आठ वर्षांची मी त्या बंगल्यातल्या कोंबड्यालाही भ्यायचे. मडमने नुसतं माझं नाव घेतलं असतं, तरी काटा हातातून गळून पडला असता.